नांगासुराचं पोट

‘आम्ही चार वर्षं एका बाईमाणसाला दगड मारत होतो, हे कंपनीने आधी का सांगितलं नाही?’

सोलापूरहून आलेलं हे पत्र मी अजून जपून ठेवलंय. लिहिणारा लहान नाही. चांगला नोकरीतला इंजिनिअर, लग्न झालेला, खाली पूर्ण सही, आणि सहीखाली हुद्दा: कर्नल, बेडूक बटालियन.

खेळण्यांच्या कंपनीतल्या गमतीजमती लिहा, असं या अंकाच्या संपादकांनी सांगितलं. गमती भरपूर आहेत. पण त्यातली एक गंमत मला अजून टोचते, आणि ती टाळून बाकीच्या सांगितल्या तर ते खोटं होईल. तेव्हा तीही सांगते.

रोह्याजवळच्या एका खेळण्यांच्या कंपनीत मी तक्रार विभागात आहे. विभाग म्हणजे मी, एक टेबल, एक कॉम्प्युटर, आणि मागे भिंतभर छोटे छोटे खण. खणांत सुटे तुकडे. राहते अष्टमी गावात, नदीच्या पलीकडे. सकाळी कुंडलिकेचा पूल ओलांडून रोह्याच्या बाजूला येते, तिथून कंपनीची बस. माहेर पेण तालुक्यात, खाडीच्या अंगाला. वडील मिठागरावर कामाला होते. त्यांनी जन्मभर अंगठा उठवला. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. बी.कॉम.चा निकाल लागला त्या दिवशी वडिलांनी मला कोऱ्या कागदावर सही करून दाखवायला लावली, आणि तो कागद घडी घालून टोपीत ठेवला. तेव्हापासून मी माझ्या सहीला फार मानते. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे सगळं त्या सहीवरच येणार आहे.

आमचा धंदा साधा आहे. प्लास्टिकचे ठोकळे. एकावर एक टकाटक बसतात. त्यांचा किल्ला करा, गाडी करा, मोडा, परत करा. प्रत्येक सेटमध्ये पाचसहा पिशव्या, आणि प्रत्येक पिशवीत नेमके तुकडे. ते कोणी मोजत बसत नाही. पिशवी वजनकाट्यावर ठेवतात. वजन बरोबर आलं की पिशवी पास. आता यातली मेख अशी, की एक चाक जास्त गेलं आणि दोन दारं कमी गेली तरी वजन बरोबरच येतं. मग सांगलीचे एक गृहस्थ फोन करून विचारतात, “माझ्या घराला दार नाही पण पाच चाकं आहेत, हे फिरतं घर आहे का?”

दुसरी मेख बारीक तुकड्यांची. मुगाएवढा तुकडा काट्याला कळतच नाही. म्हणून तो आम्ही मुद्दाम एक जास्त टाकतो. यावरून चिपळूणच्या एका निवृत्त बँकवाल्यांनी माझा जीव खाल्ला. किल्ला पूर्ण झाला आणि एक तुकडा उरला. त्यांचं म्हणणं, उरला म्हणजे कुठेतरी कमी लागला. मी कळवलं, तो जादाच असतो. त्यांनी किल्ला मोडला, परत बांधला, परत उरला. चार वेळा केलं. शेवटी तो तुकडा रजिस्टर पोस्टाने परत आला. सोबत चिठ्ठी: ‘हा घरात असेपर्यंत मला चैन पडत नाही. पोच द्यावी.’ मी पोच दिली. माझ्या सहीची.

मग आली बेडूक बटालियन. हा मोबाइलवरचा खेळ. आमच्यासारख्या वयाच्या माणसांना एवढंच कळलं तरी पुरे: एक विहीर आहे, विहिरीत बेडकांची पलटण आहे, आणि ती विहीर बळकवायला एक अवाढव्य खेकडा येतो. त्याचं नाव नांगासुर. बेडूक जिभेने दगड भिरकावतात आणि नांगासुराला पळवतात. तो पुन्हा येतो. हे कधी संपत नाही, आणि संपत नाही म्हणूनच लोकांना आवडतं. गेम बनवणारी कंपनी बंगळूरची. त्यांनी आमच्याशी करार केला की ठोकळ्यांचे सेट आम्ही करायचे.

पहिला सेट फक्त बेडकांचा. तो बाजारात गेला आणि आठवड्यात माझ्या टेबलावर तुटलेल्या जिभांचा ढीग. का? तर बेडूक हातात आला की प्रत्येक माणूस त्याला जिभेला धरून उचलतो. मी देवधर साहेबांना म्हटलं, “साहेब, हा नमुना आधी मला दाखवला असता, तर मीही जिभेलाच धरून उचलला असता. तेव्हाच कळलं असतं.”

देवधर साहेब आमचे फॅक्टरीचे मुख्य. पुण्याचे. माणूस वाईट नाही, पण वारा येईल तिकडे तोंड करणारा. त्यांना माझं पटलं. तोपर्यंत नमुना पास करायच्या फॉर्मवर तीन चौकटी होत्या: डाय विभाग, म्हणजे साचे करणारे, उत्पादन, विक्री. त्यांनी चौथी छापून घेतली. तक्रार विभाग. म्हणजे माझी सही झाल्याशिवाय कंपनीचं एकही खेळणं पुढे जाणार नाही. नवा फॉर्म छापून आला त्या दिवशी मी घरी जाऊन वडिलांच्या फोटोसमोर तो ठेवला. माझा नवरा म्हणाला, “हार घालतेस की काय आता त्याला?” घातला असता, पण फॉर्म दुसऱ्या दिवशी परत न्यायचा होता.

दुसरा सेट नांगासुराचा. बंगळूरहून चित्रं आली, पण सगळी समोरून. गेममध्ये नांगासुर नुसता आडवा आडवा चालतो, पाठ दाखवत नाही, पोट तर नाहीच. कॉम्प्युटरवर जो नमुना केला तो इस्त्री मारल्यासारखा दिसत होता. साहेब पेणच्या बाजूने येताना हमरापूर-जोह्याकडचे गणपतीच्या मूर्तींचे एकामागून एक कारखाने बघत यायचे. म्हणाले, “इथे मातीत एवढे हात चालतात, एखादा आपल्याला का नको? नंदा मॅडम, ओळखीचं कोणी?”

मी हरीदादांचं नाव दिलं. हरीदादा जोह्याचे. माझ्या मावशीच्या घराला लागून त्यांचा कारखाना. पासष्टीचे. मोठ्या मूर्ती उचलायला कंबर साथ देत नव्हती, पोरं म्हणत होती आता बसा. पण बोटं होती तशीच. वीतभर खेळण्याचा मातीचा नमुना करणं म्हणजे बसल्या जागेचं काम. साहेबांनी त्यांना नांगासुर दिला, आणि तो चांगला झाला तर पुढच्या सेटमधले नऊ बेडूकही तेच करतील असं सांगितलं. हरीदादांनी खास चष्म्याचा नंबर तपासून घेतला.

चार दिवसांनी त्यांचा फोन.

“नंदा गो, या तुमच्या राक्षसाचा पोट कसा हाय?”

“चित्रात नाहीये, दादा.”

“मंग काय करू? सपाट ठेवू?”

“सपाट नको. तो उलटा पडणार आहे.”

हे खरं होतं. सेटमधली खुबीच ती होती. बेडकाने मारलेला दगड बरोबर कळीवर बसला की नांगासुर उताणा होऊन आपटतो. म्हणजे जिंकणाऱ्याला शेवटी दिसतं ते पोटच.

“मग खरी बघून करा ना दादा,” मी म्हटलं. “पेणच्या बाजारातून एक चिंबोरी आणा. आणि बघून आणा. भरलेली.”

आता हे ‘भरलेली’ माझ्या तोंडून का आलं, ते खाडीकाठच्या माणसाला विचारायची गरज नाही. बाकीच्यांसाठी सांगते. चिंबोरी म्हणजे खेकडा. बाजारात ती हातात घेतली की आधी उलटी करायची. पोटावर एक झाकण असतं. चिंचोळं, टोकदार असेल तर नर. रुंद, गोलसर असेल तर मादी, आणि भरलेली मादी म्हणजे आत नारिंगी अंडी, ज्यांना आम्ही लाख म्हणतो. त्या लाखेसाठी तर सगळा खटाटोप. आमच्याकडे पोराला अक्षरओळख व्हायच्या आधी ही ओळख होते. चिंबोरी आणायला सांगताना कोणी ‘नर आण’ असं सांगितलेलं मी जन्मात ऐकलं नाही. हरीदादांनीही ऐकलं नव्हतं. त्यांनी भरलेली आणली, समोर ठेवून तिचं पोट मातीत उतरवलं, मग तिचा रस्सा केला.

नमुना आला. काय सुंदर काम! साहेब, विक्रीवाले, आणि बंगळूरच्या किंजल मॅडम, ज्या गेम कंपनीकडून हे सगळं बघायच्या, सगळे वाकून बघत होते. कळ दाबली. नांगासुर उताणा पडला.

मी बघितलं. लख्ख मादी. डोळे मिटूनही सांगितलं असतं.

किंजल मॅडम म्हणाल्या, “पोट कितना डिटेल्ड है!” साहेब म्हणाले, “नंदा मॅडम, यावर काही तक्रार येईल?”

मला हसू येत होतं, आणि त्याच वेळी एक जुनी गोष्ट आठवली. नोकरीच्या सुरुवातीला मी डब्यात चिंबोरीचं कालवण आणलं होतं, तर ऑफिसातल्या दोघीजणी खिडक्या उघडायला धावल्या होत्या. त्यानंतर मी डब्यात बटाटा न्यायला लागले. खाजणात वडिलांबरोबर गुडघाभर चिखलात चिंबोऱ्या धरत होते हे मी त्या ऑफिसात कोणाला कधी सांगितलं नाही. आणि आता या एसीच्या खोलीत, बंगळूरच्या बाईसमोर, मी बोट दाखवून सांगायचं, की साहेब, ही मादी आहे? म्हणतील, तुम्हाला कसं ठाऊक?

मनात म्हटलं, पोट बघून नर-मादी ओळखणारं गिऱ्हाईक ठोकळ्यांचे खेळ घेतं कुठे!

“नाही साहेब,” म्हटलं, आणि चौथ्या चौकटीत सही केली.

गिऱ्हाईक घेतं. सगळ्यात आधी तेच घेतं.

सेट बाजारात गेला, आणि पहिलं पत्र आलं साताऱ्याच्या एका निवृत्त जीवशास्त्राच्या शिक्षकांचं. नातवासाठी सेट घेतला होता. सोबत पेन्सिलने काढलेली आकृती, नावं दिलेली, खाली शेरा: ‘मादी. दहापैकी नऊ. पोटाच्या झाकणावर एक वळी कमी, म्हणून एक गुण कापला आहे.’ नातवाने तीच आकृती मोबाइलवर टाकली.

मग जे सुरू झालं त्याला मी काय म्हणू! एका माणसाने नांगासुराच्या पोटावर भिंग धरून चाळीस मिनिटांचा व्हिडिओ केला. चाळीस मिनिटांत तो एकदाही हसला नाही. खेळणाऱ्यांचे दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, ही कंपनीची चूक आहे, पैसे परत द्या. दुसऱ्या तटाचं म्हणणं, चूक कसली, ही सूचना आहे. नांगासुर पहिल्यापासून बाईच होती, आपणच आंधळे. मग ती विहिरीवर परत परत का येते याचा त्यांनी शोध लावला. अंडी घालायला. तिला गोड पाणी हवंय. गोड्या पाण्यात चिंबोरी अंडी घालत नाही हे मी एकाला कळवणार होते, पण म्हटलं नको, त्यावरून तिसरा तट पडायचा.

नागपूरच्या एका बाईंनी लिहिलं, की त्यांच्या मुलीने सगळे बेडूक फिरवून तोंडं बाहेर करून ठेवलीत, खेकड्याच्या पहाऱ्यावर, आणि वडिलांना कळ दाबायला बंदी आहे. ‘घरात तिला आता ताई म्हणतात. माझ्या नणंदेला ते आवडलेलं नाही, कारण तिलाही ताई म्हणतात.’

सोलापूरच्या कर्नलसाहेबांचं दुसरं पत्र आलं. ‘मी विहीर तिला द्यायला तयार आहे. पण गेममध्ये तसं बटण नाही. आम्ही काय करायचं?’

आणि अलिबागहून एका आजींचा फोन. आवाज ऐकताच कळलं, ही आपली. “बाय माझे, पोट बघून विश्वासाने घेतली गो मी नातीसाठी. उघडली तं आत पोकळ! एवढी भरलेली दाखवता, मंग आत चार नारिंगी ठोकळं टाकाया काय झाला व्हता?”

मला त्यांचं म्हणणं शंभर टक्के पटलं. मागच्या खणातून मूठभर नारिंगी गोल ठोकळे घेतले आणि पाकिटात घालून अलिबागला पाठवले. हिशेबाने ते मी करायला नको होतं. आजींच्या नातीने ते पोटात भरले आणि फोटो टाकला: ‘कंपनीने अंडी पाठवली.’

दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक पत्रात एकच मागणी. आम्हालाही अंडी पाठवा. एका संघटनेने लेटरहेडवर लिहिलं, की अंडी मिळेपर्यंत त्यांची बटालियन शस्त्रं खाली ठेवत आहे.

हे सगळं वाचायला मजेचं. पण साहेबांच्या केबिनमध्ये मजा नव्हती. किंजल मॅडम कॉम्प्युटरच्या पडद्यावर तापलेल्या. “कॅरेक्टर मर्द है! उसके डायलॉग मर्दवाले हैं!” आणि त्यांनी आम्हाला त्यातला एक ऐकवला. घोगऱ्या पुरुषी आवाजात: ‘मी नांगासुर! विहीर माझी!’ आम्ही सगळे गंभीरपणे ऐकत बसलो.

साहेब म्हणाले, “मूर्तिकार आमचा नेहमीचा नव्हता.” आणि हरीदादांना बोलावणं गेलं.

हरीदादा सकाळच्या गाडीने पेणहून रोह्याला आले. पांढरा शर्ट, नवा चष्मा. तासभर हजेरीच्या मशीनखालच्या बाकावर बसून होते. मग आत बोलावलं. मी माझी फाइल घेऊन कोपऱ्यात.

“हे असं का केलंत?” साहेबांनी विचारलं.

“बाजारात व्हती तशी केली.”

“पण मादी कशाला?”

“भरलेली व्हती.”

“तुम्हाला मादी करायला कोणी सांगितलं होतं का?”

हरीदादांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. समोरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाले, “कोन सांगनार? माझाच हात.”

टेबलावर तो फॉर्म होता. चार सह्या. साहेबांनी माझ्या सहीवर बोट ठेवलं. मला वाटलं, आता माझी पाळी. पण साहेब म्हणाले, “मॅडमनी तपासलं होतं. पण त्यांना तरी काय कल्पना असणार? शिकलेल्या बाईला खेकड्याचं पोट कुठून कळणार?”

तेव्हा बोलायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. मी फाइलची दोरी बांधत राहिले.

नऊ बेडकांचं काम पुण्याच्या कॉम्प्युटरवाल्याकडे जाणार, असं साहेबांनी सांगितलं. हरीदादा बरं म्हणाले. निघताना फाटकापाशी मी त्यांच्यामागे गेले. काय बोलणार होते कोण जाणे. तेच वळले आणि म्हणाले, “जेवलीस का गो?” मी हो म्हटलं. जेवले नव्हते.

पुढचे पंधरा दिवस मी लोकांच्या तक्रारींना उत्तरं लिहिली. आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. एका दुपारी हात थांबला. मी आमचा तक्रारीचा कोरा फॉर्म काढला आणि भरला. तक्रारदाराचं नाव: माझं. तुकडा: नांगासुराच्या पोटाची पाटी. तक्रारीचं स्वरूप: ‘भरलेली चिंबोरी आणा असं मूर्तिकाराला मीच सांगितलं. नमुना बघताक्षणी मादी आहे हे मला कळलं. तरी सही केली. दोष मूर्तिकाराचा नाही.’ तक्रारदाराला काय हवे: ‘त्यांचं काम त्यांना परत द्यावं.’ खाली सही. वडिलांनी टोपीत ठेवली होती तीच.

दुसऱ्या दिवशी फॉर्म घेऊन केबिनमध्ये गेले. साहेब एकटे होते. त्यांनी वाचला. चेहरा लाल व्हायला लागला. तोंड उघडलं. आणि दार ढकलून किंजल मॅडम आत. बंगळूरहून स्वतः. हातात मिठाईचा डबा.

“सर, मुबारक हो! लोग पागल हो गए हैं!”

केव्हाच गेम सोडून गेलेले लोक परत आले होते. नांगासुर बाई आहे की नाही हे बघायला. वरिष्ठांनी ठरवलं होतं, की ती बाईच. नवा अध्याय करायचा, त्यात अंडी. नवा सेट करायचा, त्यातही अंडी. तो घोगरा आवाज तसाच ठेवणार होते. म्हणाल्या, आवाजाचं काय, माझ्या आत्याचा असाच आहे. “लेकिन ये आयडिया किसका था?”

साहेबांचा लाल चेहरा माझ्या डोळ्यांदेखत पिवळा होऊन गुलाबी झाला. माझा फॉर्म त्यांनी झेंड्यासारखा वर धरला.

“हे बघा! माझ्याकडे लेखी आहे! मॅडमच्या सूचनेवरूनच मादी केली!”

“साहेब,” मी म्हटलं, “ती तक्रार आहे.”

“हो, हो. विधायक तक्रार.”

महिन्याभराने कंपनीच्या कार्यक्रमात मला ढाल मिळाली. ‘कल्पकतेबद्दल’. पितळी रंगाची, मधे माझं नाव. मी माइकवर सांगितलं, की हे हरीदादांचं काम आहे आणि माझी चूक आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेब शेजारच्याला म्हणाले, किती नम्र आहेत. चूक कबूल करून इतकी फजिती झालेली मी एकटीच असेन.

हरीदादांना काम परत मिळालं. नुसते नऊ बेडूक नाहीत, नवा सेटसुद्धा. मी ढाल पिशवीत घालून जोह्याला गेले. कारखान्यात मूर्ती वाळत होत्या. हरीदादा पाटावर एक बेडूक घेऊन बसले होते. ढाल हातात घेतली, चष्मा वर करून नाव वाचलं.

“नाव बरोबर लिवलंय.”

“दादा, तुमच्यासाठी आणलीय. तुमची आहे ती.”

“ठेव तिकडं.”

मी ठेवली. मग म्हटलं, “दादा, मी तेव्हा बोलले नाही.”

“व्हय. नाय बोललीस.”

“नंतर साहेबांना लिहून दिलं मी. कागद दिला.”

“कागद मी नाय वाचला गो,” बेडकाची बोटं कोरता कोरता ते म्हणाले. “तू समोर व्हतीस.”

मावशीकडे चहा घेऊन परत आले. पुढच्या वेळी गेले तेव्हा ती ढाल त्यांच्या डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली होती. टेबल मात्र आता हलत नव्हतं.

आता शेवटचं. अंडी आली म्हटल्यावर खेळणाऱ्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला होता: हिचा नवरा कुठे आहे? सोलापूरच्या कर्नलसाहेबांनी तर पत्रात स्थळ सुचवावं तशी उंची, रंग सगळं कळवलं. बंगळूरहून हुकूम आला. नवऱ्याचं नाव नांगोजी. तो उताणा पडणार, आणि पोट या वेळी नीट बघून करा.

नमुना बघायला पुन्हा तीच खोली, तीच माणसं. फक्त या वेळी हरीदादाही खुर्चीवर, मांडीवर कापडी पिशवी. त्यांनी मातीचा नांगोजी टेबलावर ठेवला. मिशा अशा काढल्या होत्या की साहेबांनी नकळत स्वतःच्या मिशीला हात लावला. सगळे वाहवा म्हणाले. किंजल मॅडमनी चार फोटो काढले. साहेबांनी फॉर्म फिरवला. डाय विभागाची सही झाली. उत्पादनाची झाली. विक्रीची झाली. फॉर्म माझ्यापुढे आला, उघड्या पेनासकट.

मी नांगोजी उचलला. उलटा केला.

रुंद, गोल झाकण. लख्ख मादी.

मी हरीदादांकडे बघितलं. ते छताचा पंखा बघत होते. फार लक्ष देऊन. मला वाटलं, वय झालं, चुकले. मग वाटलं, पुन्हा भरलेलीच आणली असेल, सवयीने. आता बोलले तर सगळ्यांसमोर त्यांची चूक निघेल, पुन्हा काम जाईल. नाही बोलले तर हजारो नांगोजी बायका होऊन बाजारात जातील. तीन सह्या झाल्या होत्या. खोली माझी वाट बघत होती.

पेन खाली ठेवलं.

“साहेब, ही मादी आहे,” मी म्हटलं. “नवऱ्याचं पोट असं नसतं. चिंचोळं असतं, टोकाला निमुळतं. मी लहानपणी वडिलांबरोबर खाजणात चिंबोऱ्या धरायचे, मला ठाऊक आहे. आणि दादा, चूक तुमची आहे.”

किंजल मॅडमचा फोन हातातच राहिला. साहेब एकदा पोटाकडे, एकदा सह्यांकडे बघत होते.

हरीदादांनी पंख्यावरून नजर खाली आणली. मांडीवरच्या पिशवीत हात घातला आणि ओल्या फडक्याची एक पुरचुंडी काढली. फडकं सोडलं. आत तळहाताएवढं मातीचं झाकण होतं. चिंचोळं, टोकाला निमुळतं. त्यांनी नांगोजी माझ्या हातातून घेतला, अंगठ्याने जुनं झाकण अलगद उचकटलं आणि हे बसवलं. बरोब्बर बसलं.

“तयारच व्हता,” ते म्हणाले. “बघत व्हतो, बोलतेस का.”

आणि फॉर्म माझ्याकडे सरकवला.